भरलेला खड्डा पुन्हा भरता येत नाही

राज्याला राजधानी लागते आणि राजधानीला इंग्रजी लागतं. पहिली गोष्ट एका रात्रीत होते, दुसरीसाठी क्लास लावावा लागतो. रायपूर राजधानी झालं तेव्हा भोपाळहून फायली आल्या, कपाटं आली, साहेबही आले (काही साहेब अजून वाटेत आहेत असं समजतं), पण इंग्रजी कोणी पाठवलं नाही. तोवर हिंदीत छान भागत होतं. आता दिल्लीला उत्तरं द्यायची म्हटल्यावर 'राजधानी मार्गसुधार कक्षा'तल्या समस्त बाबूंना तात्यापाऱ्यातल्या (पारा म्हणजे इथला मोहल्ला) शामराव सरांच्या क्लासला बसवण्यात आलं.

श्रीपाद खापरे हे त्यातले सगळ्यात होतकरू. वय पन्नास, पण डोकं ताजं. शामराव सरांचं सूत्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाठ केलं: आधी 'ऑल्दो', मग 'हॅड बीन', मग स्वल्पविराम, आणि शेवटी 'हॅज बीन'. मधल्या जागेत कोणतंही काम घाला, बसतं. "ऑल्दोत चूक कबूल होते, हॅज बीनमधी ती मिटते. अन् कोनं केलं, हे कोनी विचारत नाई," असं सर म्हणत.

ही सोय खापऱ्यांना फार भावली. मायबोलीत आपण 'काम करून राहिलो' म्हणतो, आणि समोरचा लगेच विचारतो, "मंग होईन कधी?" इंग्रजीत काम थेट झालेलंच असतं. कर्ता नाही म्हणजे चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणजे सुशासन. वार्षिक अहवाल सांगतो की कक्षाकडच्या तक्रारींचं निवारण शेकडा नऊवरून शेकडा एकशे चारवर गेलं (वरच्या चार तक्रारी अजून यायच्या होत्या). खापऱ्यांना कूलरजवळचं टेबल मिळालं. या देशात यापलीकडे सन्मान नाही.

त्याच सुमारास ब्राह्मणपाऱ्यात, खापऱ्यांच्या दारासमोर, नळाच्या पाइपासाठी गल्ली खोदण्यात आली. पाइप आला नाही. खड्डा राहिला. तो इतका आडवा होता की स्कूटर कोपऱ्यावर ठेवून, फळीवरून तोल सावरत घरी यावं लागे. नवऱ्याच्या कर्तृत्वाची पूर्ण कल्पना असल्यामुळे त्यांच्या पत्नी क्षमाताईंनी त्यांना काही न सांगता, पाऱ्यातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन परभारे तक्रार धाडली. ती खापऱ्यांच्याच टेबलावर आली. कामसू माणूस पत्ता वाचत बसत नाही. त्यांनी सूत्र लावलं आणि उत्तर गेलं: गल्ली जरी खोदण्यात आलेली होती, तरी ती भरण्यात आलेली आहे.

पाकीट घरी आलं. क्षमाताईंनी ते त्यांच्यापुढे धरलं.

"काय लिवलं हो?"

खापऱ्यांनी वाचलं. घाम पुसला. "खड्डा भरला म्हनते."

क्षमाताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. जास्त वेळ नवऱ्याकडे पाहिलं.

एरवी हे खपून गेलं असतं. पण अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या राधिकाचं लग्न होतं. शहरातली सगळी मंगल भवनं आरक्षित, म्हणून मांडव दारातच. भिलाईच्या मुलाच्या मामांनी एकच अट घातली होती: नवरदेव घोडीवरून दारापर्यंत येईल, मध्ये उतरणार नाही. उतरला तर वरात तिथूनच परत. मामा स्वतः सरकारी सेवेत वरच्या पदावर होते, त्यामुळे अटीला अर्थ नसला तरी वजन होतं.

"घोडी काय तुमच्या इंग्रजीवरून चालत येईन?" क्षमाताईंनी विचारलं. "पाऱ्यातले पोट्टे मुरूम टाकून भरून देतो म्हनते. टाकू द्या ना!"

"भरलेल्या सरकारी रस्त्यावर मुरूम? नोकरी जाईन माही."

ते साहेबांकडे गेले. साहेबांनी फाइल शांतपणे वाचली. "खापरे जी, जो गड्ढा भर चुका है, उसे फिर कैसे भरें? ऑडिट क्या कहेगा?" मग दया येऊन त्यांनी मार्ग सुचवला: भरलेला खड्डा आधी रीतसर खोदावा लागेल, मगच तो भरता येईल.

खोदाईचा आदेश विक्रमी वेळात निघाला. मुकादम नत्थू माणसं घेऊन आला आणि काठावर उभा राहिला. "ए तो खनाय हे, बाबूजी! अउ कतका खनबो?" हे तर खणलेलंच आहे, आणखी किती खणायचं, हा त्याचा सवाल रास्त होता, पण आदेश तो आदेश. प्रामाणिक माणूस होता, आणखी हातभर खोदून गेला. आता फक्त भरणं उरलं. ती फाइल कक्षातल्या अनिमेषकडे गेली. हा आपलाच, नागपूरकडच्या घरातला पोरगा, खापऱ्यांनीच तयार केलेला. तासाभरात तो हसत परत आला. "काका, हो गया! आप ही वाला सेंटेन्स डाल दिया."

वरात ठरल्या दिवशी आली, आणि बँडसकट खड्ड्यापाशी थांबली. मामांच्या भुवया वर गेल्या. मांडवात बसलेल्या राधिकाचा चेहरा खापऱ्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि त्यांना खरोखर रडू फुटायची वेळ आली. मग त्यांनी खिशातून खड्डा भरल्याचं ते पत्र काढलं आणि मामांच्या हातात दिलं.

मामांनी ते दोनदा वाचलं. चेहऱ्यावर व्यावसायिक आदर पसरला. "भरलाच आहे तर," ते म्हणाले, "घोडी पुढं घ्या."

घोडीचा क्लास झालेला नव्हता. ती हलली नाही. शेवटी नवरदेव उतरला, खड्ड्यात शिरला, आणि पाऱ्यातल्या पोरांनी त्याला फेट्यासकट वर ओढलं. मामांनी क्षणभर विचार करून कागद मागितला. खापऱ्यांनी तिथेच, बँडवाल्याच्या ढोलावर टेकून, त्यांना हवं ते लिहून दिलं: नवरदेवास जरी उशीर झालेला होता, तरी त्याचं घोडीवरच दारात स्वागत करण्यात आलेलं आहे. मामांनी घडी घालून ते खिशात ठेवलं. अट पाळली गेली. लग्न लागलं.

पाठवणीला राधिकाही शालू सावरत त्याच खड्ड्यात उतरली. खापरे आधीच खाली उभे होते. तिचा पाय घसरला, तेव्हा तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"बाबा, सोडू नका हं."

"मी नाही सोडत," ते म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांच्या वाक्याला कर्ता होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ही खोदलेली माती, तिच्या पायांना लागलेली, आपणच कागदावर भरली, हे त्यांना त्या तळाशी पहिल्यांदा नीट दिसलं. उद्या ऑफिसला जाऊन खरं काय ते लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेलेही. टेबलावर वीस तक्रारी होत्या आणि कूलर छान चालू होता.

खड्डा अजून आहे. खापऱ्यांचा राग आला असेल, तर तो रास्त आहे. आपल्याही गल्लीत असाच एक खड्डा आहे आणि त्याचं कोणीतरी काहीतरी करायला हवं, असंही इथवर वाचताना आपल्या मनात येऊन गेलं असेल. तसं आलं असल्यास काळजीचं कारण नाही: मान हलवण्यात आलेली आहे, हळहळ व्यक्त करण्यात आलेली आहे, आणि आपल्याकडचं काम पूर्ण झालेलं आहे.