भावजी ट्रेनिंगला जातात

आमचे धाकटे दीर शांताराम घरात शिरताना आधी सलाम ठोकतात. पायरी चढली की टाचा जुळवायच्या, हात कपाळाला लावायचा आणि मगच पडवीत पाऊल टाकायचं. डोक्यावर शेणाची पाटी असली तर ती आधी खाली ठेवायची. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, त्यांना वाटलं हा सलाम आपल्याला आहे. मुलाचा बाप गडबडून उठला आणि त्यानंही सलाम केला. भावजी म्हणाले, "तुम्ही बसा. मी जहाजाला केला."

आमचं घर कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. इथून समुद्र दिसत नाही की त्याचा वारा लागत नाही. पण भावजी दहा वर्षं नेव्हीत होते आणि अजून पुरते उतरलेले नाहीत. पडवी म्हणजे त्यांचं डेक, आणि पोलादपूरचा बाजार म्हणजे बंदर. "वैनी, बंदरावर जाऊन येतो, काय आणायचं?" असं विचारतात. मी सांगते, मीठ आणा आणि वेळेत या.

म्हशीच्या दाव्याला ते अशी गाठ मारतात की ती म्हशीला सुटत नाही आणि आम्हालाही सुटत नाही. एकदा ते बाजारात गेले असताना पारडू दाव्यात अडकलं. शेवटी मी दावं कोयत्यानं तोडलं. संध्याकाळी दोन तुकडे हातात धरून त्यांनी मला सुनावलं, की बोटीवर एवढ्यावरून माणसाची सुट्टी बंद होते. मी म्हटलं, इथं सुट्टी आहे कुणाला?

एक लढाई संपल्यावर ते भरती झाले आणि दुसरी सुरू व्हायच्या आत सुटले. सगळी नोकरी सरावात गेली. तोफा उडवल्या त्या पाण्यातून ओढत नेलेल्या फळकुटांवर. शिकाऊ पोरांना घेऊन बोट लांबच्या बंदरांना जायची, तेव्हा भावजीही बरोबर असायचे. कोलंबो झालं, मोंबासा झालं. पारावरची माणसं चिडवायची, "काय तात्या, एक तरी बोट बुडवलीत काय?" भावजी न चिडता सांगायचे, "आम्ही तयार होतो म्हणून लढाई झाली नाय. झाली असती तर तुम्ही इथं बिड्या फुकत बसला नसता."

नोकरी सुटली तरी पुढची काही वर्षं माणूस रिझर्व्हमध्ये असतो, असं त्यांनी आम्हाला समजावलं होतं. म्हणजे घरी शेती करा, पण मधून मधून ट्रेनिंगला या, आणि लढाई लागली तर निघा. हे त्यांनी एवढं मनावर घेतलं की लग्नच केलं नाही. स्थळं आणायची मी शिकस्त केली. शिवथरच्या मुलीच्या बापाला भावजींनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, की बोलावणं आलं तर मी मांडवातून उठून जाईन. तो बाप तिथल्या तिथे उठून गेला.

ट्रेनिंगला निघायचे तेव्हा मात्र बघण्यासारखे दिसायचे. तांब्यात निखारे घालून पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करायची, दाढी घोटायची, पिशवी खांद्याला लावायची. आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, त्यांना एसटीपर्यंत सोडायला जायचे आणि गाडी वळेपर्यंत उभे राहायचे. पंधरा दिवसांनी भावजी परत यायचे ते काळेकुट्ट होऊन. आवाज मोठा झालेला, भूक दुप्पट झालेली. आणि पिशवीत सुके बोंबील. मी विचारलं, सरकार बोंबील वाटतं का? म्हणाले, "रेशन हाय."

पुढे पुढे भातकापणी झाली की दरसाल बोलावणं येऊ लागलं. डोकं पांढरं झालं तरी थांबेना. नेव्हीला दुसरं कोणी मिळत नाही का, असं माझ्या मनात यायचं. पण घरातला एक माणूस वर्षातून एकदा खुशीत असतो, तर आपण कशाला उकरा, म्हणून मी विचारलं नाही.

एका साली ते असेच गेले आणि मागे ह्यांची छाती भरली. महाडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, घरी न्या, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. ह्यांना एकच माणूस हवा होता. "शांता आला काय गो?" जरा डोळा उघडला की तेवढंच.

तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हते. माझा मुलगा विलास मुंबईला कंपनीत. पोलादपूरवरून त्याला फोन केला आणि काकाला आणायला नेव्हीच्या गेटवर पाठवला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. मला मागच्या दाराशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, की गेटवरचा माणूस हसला. या वयात कसलं ट्रेनिंग? त्यांची रिझर्व्ह कधीच संपली असेल.

चुलीवर बोंबलांची रिकामी दोरी लोंबत होती. तिच्याकडे बघून मला एवढं कळलं, की माणूस समुद्राजवळ आहे. पण किनारा काय थोडाथोडका आहे?

विलास संतापला होता. बाबांना खरं काय ते सांग, म्हणाला. मी त्याला हातपाय धुवायला पाठवला आणि आत जाऊन ह्यांना म्हटलं, "भावजी बोटीवर हायत, लांब. निरोप गेलाय."

ह्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाले, "मग लगेच नाय यायचा. बोट वळवायला वेळ लागतो गो." स्वतः जन्मात साध्या होडीत बसले नव्हते.

दिवे लागल्यावर मला जवळ बोलावलं. "त्याला दर्यावरनं मीच उतरवला. तो आणखी वर्सं राहत होता. मी बोललो, शेत कोण बघणार? सांग त्याला, शेत माझ्या एकट्यानं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. तोवर अंगणात पाऊल वाजलं की दाराकडे बघत होते.

दहावं करून आम्ही नदीवरून परतलो आणि थोड्या वेळानं भावजी खालच्या वाटेनं शीळ घालत वर आले. पायरीशी थांबले, टाचा जुळवल्या, हात वर नेला, आणि समोर विलासचं भादरलेलं डोकं दिसलं. हात तसाच राहिला. मग ते पायरीवरच बसले. बराच वेळ त्यांना कुणी आत या म्हटलं नाही. विलास तर त्यांच्याकडे पाठ करूनच बसला होता.

विलास बाहेर गेल्यावर ते बोलले. नेव्हीत बरोबर असलेला एक कोळी रेवदंड्याला राहतो, त्याची मासळीची बोट आहे. रिझर्व्ह संपल्यापासून भावजी तिच्यावर जात होते. जाळी ओढायची, पोरांचा भात शिजवायचा, तिथंच झोपायचं. मजुरी घ्यायची नाही. परत येताना कोळीण पिशवीत बोंबील भरायची. रिझर्व्ह संपली हे दादाला सांगायला जीभ उचलली नाही, म्हणाले. गाडी वळेपर्यंत तो उभा राहायचा ना.

त्यानंतर ते आजपर्यंत समुद्राकडे फिरकलेले नाहीत. विलासनं पुढे दोनदा नेतो म्हटलं, तरी नाही.

"वाट बघितली काय दादानं?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

"बघितली."

"काय बोलला?"

मेलेल्या माणसाचा निरोप पोटात ठेवणं मला जमत नाही. शेताबद्दल हे जे बोलले होते ते मी शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, नाहीतर भावाला शिव्या घालेल. अख्खं आयुष्य डोंगरात काढलं ते ज्या शेतासाठी, त्या शेताला त्यांची गरज नव्हती.

भावजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "ते मला तवाच ठाऊक होतं, वैनी. शेत झालंच असतं. दादा एकटा पडला असता म्हणून आलो."

एकटा कसा? मी होते की घरात. पोरं होती. हे माझ्या अगदी ओठापर्यंत आलं. आलेलं वाक्य गिळायची मला सवय नाही. त्या दिवशी गिळलं, आणि त्यांच्यासाठी पान मांडायला उठले.