अकरा दिवसांचा पूल

चांगला विचार आणि प्रत्यक्ष काम यांच्यात अंतर किती? इतर पुढाऱ्यांना त्यात जन्म अपुरा पडतो. मला अकरा दिवस पुरले!

केरळात, कुट्टनाडातल्या आमच्या पंचायतीचा मी नवाकोरा प्रेसिडेंट. पहिल्याच आठवड्यात भार्गवीअम्मा दारात हजर. वय अठ्ठ्याहत्तर, घर कालव्यापलीकडे, माणूस एकटं. दर मंगळवारी साखर तपासायला अलीकडच्या दवाखान्यात यायचं, तर काठावर बसून होडीवाल्यांना हाका मारायच्या.

"दिवाकरा, मागच्या तिघांनी पूल दिला होता मला," ती म्हणाली. "भाषणात!"

मी पेटलोच! बैठक नाही, समिती नाही, चर्चा तर नाहीच नाही. लोखंडी पूल! उंची मी जातीनं मोजली. होडीत उभा राहिलो, डोक्यावर छत्री उघडली. छत्री गेली म्हणजे सगळं जाईल!

"कुणाला विचारलंत तरी का?" वत्सला, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"विचारत बसतात त्यांचे पूल होत नसतात!"

अकराव्या दिवशी पूल उभा. मंगळवारी भार्गवीअम्मा तुरुतुरु आली, सुई टोचून घेतली, तुरुतुरु परत गेली. जाताना मला केळ्याची गरम भजी देऊन गेली. मी दोन रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत होतो. आता पुढचं काय बांधू?

गुरुवारी गावाची सर्पनौका, म्हणजे शर्यतीची लांबलचक नाव, पाण्यात उतरली. वर्षभर ती कालव्याच्या आतल्या टोकाला माडाच्या झापांच्या मांडवाखाली झोपलेली असते. शनिवारी बाहेर मोठ्या पाण्यात शर्यत, आणि बाहेर जायची वाट पुलाखालूनच. हार घेऊन मी पुलाच्या मधोमध उभा! पंच्याऐंशी वल्हेकरी गात, वल्ही आपटत आले. नावेचं नाक पुलाखालून सुळ्ळकन गेलं. निम्मे वल्हेकरीही गेले. आणि तेव्हा मला आठवलं, की सर्पनौकेला मागं शेपूट असतं. नागाच्या फण्यासारखं, माडाच्या निम्म्या उंचीचं!

"अरे थांबवा!"

सुकाणूवाल्यांनी धडाधड पाण्यात उड्या टाकल्या. धाड्! पूल ढोलासारखा वाजला. हार माझ्याच गळ्यात पडला.

"प्रेसिडेंट!" नावेचा नायक थंकप्पन खालून गरजला. "आमची शर्यत बाहेर आहे की तुमच्या पुलाखाली?"

"नाव जरा दाबू या," मी म्हणालो. गावातली वजनदार माणसं वेचून नावेत भरली. नाव वीतभर बसली. बसायला हवी होती दोन पुरुष खोल!

"शेपूट थोडं कापलं तर..." मी पुटपुटलो. नाव घडवणारे म्हातारे सुतारमामा छातीला हात लावून खालीच बसले.

मग पूल खोलायला पाना आणला. पहिला बोल्ट थंकप्पननं मलाच काढायला लावला. पलीकडच्या काठावरून भार्गवीअम्मा बघत होती. निघणारा एकेक बोल्ट बोटांवर मोजत होती. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या!

शर्यतीत आमची नाव शेवटून दुसरी आली. बोल्ट काढून हात गळाले म्हणे!

नवा पूल नावेच्या मापानं बांधायचा, तर पायऱ्या होतात छत्तीस. तेवढ्या चढल्यावर भार्गवीअम्माची साखर काय, श्वाससुद्धा तपासावा लागेल. म्हणून आता समिती नेमली आहे. अध्यक्ष मीच. चार बैठका झाल्या. चहा उत्तम असतो.

तोवर दर मंगळवारी भार्गवीअम्माची होडी मी स्वतः वल्हवतो. परवा मधोमध होडी गर्रकन फिरली, तशी ती होडीची कड घट्ट धरून म्हणाली,

"सावकाश, दिवाकरा! भाषणातल्या पुलावरून निदान कुणी पाण्यात पडलं तरी नव्हतं!"