मारिया कार्मेलाची दाढी

"हे हिरवं काय लोंबतंय?" सासूबाईंनी काठी पुढे करून विचारलं.

धक्क्यावरची माणसं वळून बघू लागली. काठीचं टोक त्यांच्या जावयाच्या, साल्वू ग्रेचच्या, होडीवर रोखलेलं होतं. होडीच्या कडेला, पाण्याच्या जरा खाली, वीतभर लांबीचं शेवाळ लाटेबरोबर मागेपुढे झुलत होतं, आणि बरोबर त्याच्या वर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत होडीचं नाव लिहिलेलं होतं: 'मारिया कार्मेला'. हेच सासूबाईंचंही नाव. एकोणीस वर्षांपूर्वी होडी घ्यायला त्यांनी हातभार लावला होता आणि बदल्यात एवढी एकच गोष्ट मागून घेतली होती.

"शेवाळ आहे, मा," साल्वू म्हणाला. "सगळ्यांच्याच होड्यांना येतं."

"सगळ्यांच्या होड्यांवर माझं नाव नाही. लोक काय वाचतील? कार्मेलाला दाढी आलीय!"

शेजारच्या होडीतून नीनू बुजेयानं मान वर काढली. हा साल्वूचा साखर कारखान्यातला जुना सोबती, आणि दुसऱ्याच्या फजितीला कधीही उशिरा न पोचणारा. "मिशाही आहेत, नन्ना. मागच्या बाजूनं बघा." नन्ना म्हणजे आजी; सगळा धक्का त्यांना तसंच म्हणे.

एरवी साल्वूनं हे हसून सोडून दिलं असतं, पण या वर्षीची गोष्ट वेगळी होती. एकोणतीस जूनला संत पीटरचा सण. त्या दिवशी संताची मूर्ती एका होडीत बसते, बाकीच्या होड्या तिच्या मागून खाडीभर फिरतात, आणि मग किनाऱ्यावर सशाच्या रश्श्याची पातेली उघडतात. मूर्ती कुणाच्या होडीत बसणार, हे टोपीतली चिठ्ठी ठरवते. एकोणीस वर्षं साल्वूची चिठ्ठी टोपीच्या तळाशी पडून होती. यंदा ती निघाली होती.

"पीटर स्वतः कोळी होता," सासूबाई म्हणाल्या. "त्याला होडीतलं कळतं. असल्या होडीत तो पाय ठेवायचा नाही. आणि ठेवलाच, तर घसरेल."

म्हणजे होडी घासायला हवी होती. ती यंत्रानं वर उचलून द्यायची सोय शेजारच्या बंदरात होती, पण तिथली यादी ऑगस्टपर्यंत भरलेली. पाण्यात उतरून घासावी, तर खाडीच्या तोंडाशी मगरीचं चित्र असलेली पाटी होती आणि तिच्याखाली कुणीतरी खडूनं 'खरंच आहे' असं लिहून ठेवलं होतं. राहिला जुना उपाय. भरतीला होडी वाळूवर चढवायची, ओहोटीला ती कोरडी पडली की घासायची, आणि पुढच्या भरतीला पाण्यात न्यायची.

फ्रिजवर भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवलेला होता. साल्वूचं बोट त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाऊन थांबलं: रविवार, बावीस तारीख, रात्री अकरा.

"सगळ्यात मोठीच भरती कशाला?" त्याच्या बायकोनं, चेट्टानं, विचारलं.

"अगं, पाणी जेवढं जास्त, तेवढी होडी वर जाणार. वर गेली की कोरडी ठणठणीत. निवांत घासता येईल."

"आणि खाली कशी येणार?"

"पाण्यानं! दिवसातनं दोनदा येतं ते, चेट्टा. देवानंच सोय करून ठेवलीय."

छत्तीस वर्षं साल्वूनं कारखान्यातली यंत्रं खोलून पुन्हा जोडली होती. एखादी गोष्ट जशी वर जाते तशीच खाली येते, यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

सोमवारी पहाटे तो आणि त्याचा मेहुणा जूझे झामित कामाला लागले. वाळूवर टेकूंच्या आधारानं उभी राहिलेली होडी तळापासून आजारी दिसत होती. वरचं शेवाळ खराट्यानं निघालं, पण त्याच्याखाली बुळबुळीत चिकट थर होता, शेंबडासारखा, आणि तो खरवडला की गार ओघळ मनगटावरून थेट काखेत शिरत. त्याखाली टोकदार शिंपल्या घट्ट बसलेल्या. मधूनच एखादा खेकडा भाडं थकलेल्या बिऱ्हाडकरूसारखा रागारागानं बाहेर येई आणि नांगी उगारून निघून जाई.

"दाजी, ही होडी आहे की परसबाग?" जूझेनं तोंडात गेलेलं काहीतरी थुंकत विचारलं.

"घास तू. गोड्या पाण्यानं धू. वरनं खाली."

दहा वाजेपर्यंत तळाचा लाल रंग उघडा पडला आणि उन्हात चमकू लागला. चेट्टा आईला गाडीतून घेऊन आली. सासूबाईंनी होडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली, दोन ठिकाणी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "आता कसं, तोंड दिसतंय." एकोणीस वर्षांत जावयाला मिळालेलं हे पहिलंच शाबासकीचं वाक्य. साल्वूला भरून आलं.

मग पाणी आलं. घोट्यापर्यंत आलं, होडीच्या बुडाला जेमतेम शिवलं आणि परत गेलं. दिवसाची भरती लहानच असते, म्हणून साल्वूनं मनावर घेतलं नाही. रात्रीची भरती मांडीपर्यंत आली. होडी जरा कुरकुरली, पण उठली नाही. मंगळवारी रात्री पाणी त्याहून खाली थांबलं. पाण्याला उशीर होतोय, अशी साल्वूनं स्वतःची समजूत घातली.

बुधवारी सकाळी नीनू थर्मास घेऊन आला आणि वाळूवर ऐसपैस बसला.

"साल्वू, तू होडी उधाणाच्या शेंड्यावर नेऊन ठेवलीस. पाणी आता रोज एकेक पायरी खाली उतरणार. भांगाच्या, लहान भरतीच्या दिवसांत तर इथं पोहायला आलेला मासा चालत परत जाईल."

"मग इतकं पाणी परत कधी?"

नीनूनं ते आधीच बघून ठेवलं होतं. "सात जुलै."

"सण एकोणतीस जूनला आहे!"

"कॅलेंडर माझ्याही घरी आहे. कॉफी घेतोस?"

साल्वूनं कॉफी घेतली नाही. तो तडक जूझेच्या शेतावर गेला. उसाची तोडणी जोरात चालली होती, तरी बहिणीच्या शब्दाखातर जूझे आपला मोठा ट्रॅक्टर घेऊन आला. होडीच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या बाजूला, ट्रॅक्टर उभा केला, जाड दोर बांधला आणि ओढायला सुरुवात केली. होडी केसभरही हलली नाही. चाकं मात्र फिरत राहिली आणि फिरता फिरता ट्रॅक्टर चिखलात कमरेइतका रुतला. तेवढ्यात भरती सुरू झाली. होडी तरंगायला जे पाणी कमी पडत होतं, तेच ट्रॅक्टर बुडवायला भरपूर होतं.

दोघं किनाऱ्यावर उभं राहून बघत होते. शेवटी फक्त धुराडं दिसत होतं आणि त्यावर एक बगळा येऊन बसला.

"दाजी," जूझे हळूच म्हणाला, "तुम्हाला ट्रॅक्टर हवा होता, की ट्रॅक्टरची समाधी बांधायची होती?"

"पाणी उतरलं की काढू."

"माझा ऊस उभाय शेतात. त्याला काय सांगू, मालक समुद्रावर गेलाय म्हणून?"

गुरुवारी ट्रॅक्टर काढायला खोदाईचं यंत्र आणावं लागलं. ट्रॅक्टर निघाला. तेव्हा साल्वूच्या मनात आलं, यंत्र आलंच आहे तर होडीपासून पाण्यापर्यंत एक चर खणून घेऊ. चार हात चर झाला असेल नसेल, तोच किनाऱ्याची देखरेख करणारी अधिकारी बाई गाडीतून उतरली.

"किनारा खणायला परवानगी लागते, काका."

"किती दिवसांत मिळते?"

"सहा आठवडे."

"बाई, सात जुलैला पाणीच येणार आहे इथवर!"

"मग थांबा की," ती समजुतीनं म्हणाली आणि चर बुजेपर्यंत तिथंच उभी राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी साल्वू नीनूच्या दारात गेला. "संताला तू ने," तो म्हणाला. नीनूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड शक्य तितकं दुःखी केलं आणि नको म्हटलं नाही. तिथून साल्वू सासूबाईंकडे गेला. चेट्टा आधाराला सोबत होती, पण तीही भिंतीकडेच बघत होती.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चिठ्ठी कुणाची निघाली?"

"माझी."

"होडी कुणाच्या नावाची?"

"तुमच्या."

"मग संत माझ्यातच बसणार. नीनूबिनू कोण लागून गेला?"

"पण मा, होडी जागची हलत नाही!"

"मी तरी कुठं हलते? लोक येतातच ना मला भेटायला?"

शेवटी गावच्या चर्चच्या फादर टिएर्नींना विचारायचं ठरलं, आणि ते एकदम खूष झाले. त्यांना होडी लागायची. नऊ वर्षं प्रत्येक सणाला ते हिरवेपिवळे होऊन तीन मिनिटांत प्रवचन आटपत आणि उरलेला वेळ काठावरून ओणवे असत. न हलणारी होडी म्हणजे त्यांना देवानं दिलेली भेटच वाटली.

रविवारी दुपारी चार वाजता पाणी जेमतेम होडीच्या चार पावलं खाली येऊन थांबलं. चौघांनी खांद्यावरून मूर्ती आणली आणि शिडीनं वर चढवली. मग त्याच चौघांनी सासूबाईंना खुर्चीसकट वर चढवलं. ते मूर्तीपेक्षा अवघड गेलं, कारण मूर्ती सूचना देत नव्हती. फादर चढले, साल्वू संताच्या मागे नवा शर्ट घालून उभा राहिला. मग रंगीत पताका लावलेल्या अकरा होड्या आल्या आणि अर्धगोल करून समोर थांबल्या.

फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. ते अर्ध्या वाटेतच समुद्रात पडलं.

"जवळ या!" ते ओरडले. "अजून जवळ! लाजता काय?"

होड्या जवळ आल्या. नीनू सगळ्यात पुढे आला. फादरांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. नऊ वर्षांत त्यांना पहिल्यांदाच पोटात ढवळत नव्हतं आणि नऊ वर्षांची प्रवचनं आत साचलेली होती. ते गालीलच्या सरोवरापासून निघाले. वीस मिनिटांनी पीटरचं जाळं भरलं. चाळीस मिनिटांनी वादळ आलं. मध्येच इंजिन सुरू करायची कुणाची छाती नव्हती, कारण सासूबाई काठीवर हनुवटी टेकून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

सगळ्यात आधी साल्वूच्या लक्षात आलं. नीनूच्या होडीची डोलकाठी मघाशी सरळ होती, आता ती जरा डावीकडे झुकली होती. मग शेजारचीही झुकली. पाणी उतरायला लागलं होतं. ओरडून सांगावं, म्हणून साल्वूनं तोंड उघडलं. आठवडाभराची कॉफी, बगळा, 'सात जुलै' हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, तरी त्यानं तोंड उघडलं. चांगला माणूस होता तो. पण सासूबाईंची काठी खटकन त्याच्या नडगीवर बसली.

"प्रवचन चालू आहे," त्या पुटपुटल्या.

साल्वूनं तोंड मिटलं. ते मिटल्यावर जरा हसरं झालं असेल, तर तो त्याचा दोष नव्हता.

फादर 'आमेन' म्हणाले, तेव्हा अकराच्या अकरा होड्या चिखलात बसल्या होत्या. अकरा इंजिनं घुरघुरली, चिखल उडाला आणि पुन्हा शांत झालं. पाणी आणखी उतरलं, तशा होड्या कुशीवर कलंडल्या आणि जिचं तिचं पोट उघडं पडलं. पताका वर होत्या, खाली हिरवंगार रान होतं. नीनूच्या होडीखालून तर शेवाळाच्या झिपऱ्या चिखलापर्यंत लोंबत होत्या आणि त्यांतून तीन खेकडे खाली उतरले.

"नीनू," सासूबाई वरून म्हणाल्या, "बाग छान ठेवलीयस रे."

सगळा किनारा हसला. नीनूही हसला, कारण गुडघाभर चिखलात उभं राहिलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. मग रश्श्याची पातेली वाळूवर आली, गाड्यांचे दिवे होड्यांवर सोडले गेले, आणि होड्या पहाटेपर्यंत अशाच पडून राहणार होत्या, म्हणून कुणीतरी खराटा मागितला. साल्वू नवा शर्ट काढून खाली उतरला. "आधी गोडं पाणी मारा," तो एकेका होडीपाशी जाऊन सांगत होता, "वरनं खाली घासा. शिंपली तिरकी धरून काढायची, नाहीतर रंग निघतो." त्या संध्याकाळी त्याचं जेवढं ऐकलं गेलं, तेवढं कारखान्यात छत्तीस वर्षांतही ऐकलं गेलं नव्हतं. नीनूच्या होडीचा अर्धा तळ त्यानं स्वतः घासला. दोघं एका ताटात जेवले.

पहाटेच्या पाण्यावर अकरा लखलखीत होड्या भोंगे वाजवत निघून गेल्या. मारिया कार्मेला तेवढी राहिली. फादर मूर्ती न्यायला माणसं घेऊन आले, तर सासूबाई अजून खुर्चीतच होत्या, अंगावर तीन गोधड्या घेऊन.

"संत ज्या होडीत चढतो, तिच्यातनंच धक्क्यावर उतरतो," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या वेळेपासून."

"पण नन्ना, सात जुलै..."

"त्याला कुठं कामावर जायचंय?"

फादर माणसांना घेऊन परत गेले. मूर्ती उघड्यावर एकटी कशी ठेवायची, म्हणून साल्वूनं डेकवर घडीची खाट टाकली. दुपारी चेट्टा डबा घेऊन आली आणि शिडीखाली उभी राहून तिनं तो वर दिला.

"आठ दिवस राहशील इथं?" ती म्हणाली. "एकटा?"

"एकटा कसला?" साल्वू खालच्या आवाजात म्हणाला, आणि त्यानं अंगठ्यानं मागे केबिनकडे खूण केली.

"चेट्टा!" आतून आवाज आला. "माझी उशी आणलीस का? आणि याला सांग, रात्री घोरतोस म्हणून. संतांची झोपमोड होते."