जगतापकाकांच्या लोखंडी पुंगळ्या

जगतापकाका कोणाच्याही घरी गेले की आधी खिशातून लोहचुंबक काढतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चपला काढल्या, नमस्कार केला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन माझ्या नव्या कढईला चुंबक लावून पाहिलं. ते चिकटलं नाही. "फसवलं तुम्हाला," म्हणाले.

"काका, ॲल्युमिनियमची आहे. मला माहीत आहे."

"मग ठीक," असं म्हणून बसले आणि चहा मागितला. आमची ओळख ही अशी झाली.

इथे जपानमध्ये, एदोगावा भागात ते आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे सासवडचे. तरुणपणी एका कारखान्याच्या कामासाठी जपानात आले, हारुएकाकूंशी लग्न केलं आणि इथलेच होऊन गेले. आम्हा पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना ते 'कॉन्ट्रॅक्टवरची पोरं' म्हणतात. मी चाळिशीला आले तरी पोरगीच.

आता चुंबक कशाला, तर काकांकडे रायफल होती. हो, खरीखुरी! ज्या देशात भाजीची सुरी बॅगेत घेऊन फिरलं तरी पोलीस थांबवतात, तिथे आमच्या खालच्या मजल्यावर भिंतीला ठोकलेल्या पोलादी कपाटात रायफल. मला कळलं तेही पोलिसांकडूनच. एक पोलीस दारात उभा राहून अदबीने विचारायला लागला, जगताप-सान दारू पितात का, बायकोशी भांडतात का, शेजाऱ्यांवर ओरडतात का. परवाना नवा करून देण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे अशी चौकशी करायची इथे पद्धत आहे. मी म्हटलं, "काकू भांडतात. काका ऐकून घेतात." त्याने ते गंभीरपणे लिहून घेतलं, कमरेत वाकला आणि गेला.

रायफलचं कारण सासुरवाडी. काकूंचं माहेर चिबातल्या एका डोंगराळ खेड्यात. तिथे रानडुकरं येऊन रताळ्याचं शेत उकरून ठेवतात. सासरे गेले, मेहुणा कोणी नाही, तेव्हा जावयाने उभं राहायचं ठरवलं. आधी छऱ्याची बंदूक घेतली, नियमाप्रमाणे दहा वर्षं शहाण्यासारखं वागून दाखवलं, मग रायफल मिळाली. बोल्टची. म्हणजे दर गोळीनंतर हाताने बोल्ट वर करून मागे ओढायचा, काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते, मग पुढची गोळी आत.

या पुंगळीवरूनच सगळं महाभारत. इथले शिकारी पितळी पुंगळीची काडतुसं वापरतात. काकांना एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे लोखंडी पुंगळीची सापडली. कोणी घेत नाही म्हणून धूळ खात पडली होती आणि अर्थातच स्वस्त होती. झालं! सासवडचा माणूस तिथून रिकाम्या हाताने परत येतो होय?

"पितळ मऊ असतं," ते मला समजावून सांगायचे, जणू मी उद्याच रायफल घेणार होते. "बार उडाला की फुगतं आणि चटकन आक्रसतं. अलगद बाहेर येतं. लोखंड हट्टी. आत रुसून बसतं. मग बोल्टला तळहाताने एक दणका द्यावा लागतो."

"मग पितळी घ्या ना, काका!"

"का म्हणून? दणका द्यायला हात आहे ना? काम होतंय ना? मग झालं तर!"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. काकूंनी नवा पंखा घ्यायचा म्हटलं की हेच, मी छत्रीची मोडकी काडी दाखवली की हेच.

एकदा सरावाच्या रेंजवर मला बघायला घेऊन गेले. इथे झाडलेल्या प्रत्येक गोळीची पुंगळी परत दाखवावी लागते, नाहीतर गहजब. पितळवाले बिचारे गुडघ्यांवर रांगत बाकांखाली पुंगळ्या शोधत होते. आणि आमचे काका चुंबकाला सुतळी बांधून, ती हलवत हलवत सावकाश फेरी मारत होते. टिक, टिक, पुंगळ्या आपोआप चिकटत होत्या. रांगणाऱ्यांना मधूनच "गाम्बात्ते!" म्हणून धीर देत होते. कपाळच माझं!

रेंज सांभाळणारे मोरी-सान जुन्या वळणाचे. त्यांना हे लोखंड अजिबात पसंत नव्हतं. म्हणायचे, नेम पसरतो, वर्तुळाच्या मधोमध गोळ्या एकत्र बसत नाहीत. काका म्हणायचे, "डुक्कर काय वर्तुळं मोजत बसतं का?" मोरी-सान म्हणायचे, पितळी पुंगळी पुन्हा भरता येते, ही तर फुकट गेली. काकांचं उत्तर तयार, "जाऊ दे की. तिचं काम झालं." शेवटी मोरी-साननी नाद सोडला.

दोन वर्षांपूर्वी हारुएकाकू गेल्या. आजार फार लांबला नाही. काका आमच्यासमोर रडले नाहीत. मला वाटलं, आता चिबाला जाणं थांबेल. पण दर शनिवारी रायफल गाडीत घालून निघायचेच.

एकदा मी सरळ विचारलं, "काका, एवढी दगदग कशाला?"

"सासूबाई रताळी लावतात. डुकरं काय माझं सुतक पाळणार आहेत?" मग म्हणाले, "हे बघ, मुलगी गेल्यावर जावई कोण लागतो? नुसतं जाऊन बसलो तर त्या अवघडणार, मीही अवघडणार. नव्वदीला आल्या, पण कोणाची मदत चालत नाही. काकडी नेली तर बदल्यात मुळा हातात ठेवतात. डुकरासाठी आलो म्हटलं की दोघांची सोय होते. सूर्य मावळेपर्यंत मी पडवीत रायफल घेऊन बसतो. मावळल्यावर बार काढायला कायद्याने बंदी. मग रायफल पेटीत, आणि आम्ही दोघं जेवतो."

"आणि बोलता काय?"

"डुकरांबद्दल."

या वर्षी एप्रिलमध्ये रेंजवर जाताना मलाच गाडी चालवायला सांगितली. तिसऱ्या की चौथ्या गोळीला पुंगळी आत अडकली. काकांनी नेहमीसारखा तळहाताने दणका दिला. बोल्ट हलेना. पुन्हा दिला, पुन्हा नाही. शेवटी मोरी-सान आले, नळीच्या तोंडातून सळई घातली आणि हलकेच ठोकून पुंगळी मागे काढली. 'सांगत होतो ना' म्हणायची संधी इतक्या वर्षांनी आली होती. पण ते काकांच्या हाताकडे बघत होते. हात चांगलाच थरथरत होता.

परतताना काका म्हणाले, "दोष पुंगळीचा नाही. मनगटाचा आहे."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः पोलीस चौकीत जाऊन रायफल जमा केली. कोणी मागितली नव्हती. "हात कापतो त्याने बंदूक धरू नये," एवढंच म्हणाले.

त्यानंतरचा शनिवार ते घरी होते. त्याच्या पुढचाही. मी खाली गेले. टीव्ही बंद, आणि समोर बसलेले.

"काका, चिबाला नाही गेलात?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? डुक्कर आलं तर टाळ्या वाजवू?"

"सासूबाईंना कळवलंत तरी?"

"काय कळवू? त्या म्हणतील, बरं, मग आता येऊ नका. रागाने नाही गं, सरळपणे म्हणतील." मग खाली बघत म्हणाले, "तेवढंच एक घर आहे मला जायला."

मला रडूही आलं आणि संतापही आला. "उठा," म्हटलं, "चपला घाला. मी नेते."

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई, म्हणजे त्या नव्वदीच्या आजी, शेतात वाकून रताळ्याचे वेल लावत होत्या. काका बांधावर उभे राहिले, टोपी काढली आणि एखाद्या कारकुनाने साहेबाला सांगावं तसं जपानीत सगळं सांगितलं. हात कापतो. रायफल परत केली. आता डुकरं हाकलणं होणार नाही, तेव्हा यंदा रताळी लावू नका. गावात बाकी सगळ्यांनी लावणं सोडलंच आहे.

आजींनी हातातला वेल मातीत दाबला आणि म्हणाल्या, "मला रताळी आवडत नाहीत."

"आँ?" हे काका चक्क मराठीत म्हणाले.

"लढाईच्या दिवसांत लहान होते. सकाळी रताळं, रात्री रताळं. तेव्हापासून वाससुद्धा नको वाटतो. गावाने सोडली, मी का लावते? डुकरं यावीत म्हणून लावते. डुकरं आली की तुम्ही येता."

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि लगेच काढली.

आजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बंदूक गेली ना? बरं झालं. जड होती. आता सांगा, तुम्हाला खायला काय आवडतं?"

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काकू गेल्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहत होते. बाहीने नाक पुसत ते कसेबसे म्हणाले, "वांगी."

"मग आधी का नाही बोललात?" असं म्हणून आजी खाली वाकल्या आणि नुकतेच लावलेले वेल उपटायला लागल्या.