बत्तीस पुढे, चाळीस मागे

रविवारी सासरे त्यांच्या जुन्या रेसिंग सायकलवरूनच तिन्ही मित्रांबरोबर फेरीला निघणार, याची हमी जावयाने स्वतःहून, जेवताना, तोंडात घास असताना दिली! फक्त चाकांच्या गंजलेल्या दोन रिमा तर बदलायच्या.

सासऱ्यांचा हात ताटातच थांबला. "राहू द्या हो, जावईबापू. उगाच त्रास..."

"त्रास कसला, बाबा!"

बाल्कनीत त्याने चाकं काढली, त्यांच्या तारा, म्हणजे स्पोक, मोजल्या आणि तो किंचाळलाच. "अगं, पुढे बत्तीस, मागे चाळीस! कुणीतरी पुढच्या तारा ढापून मागे लावल्यात!"

"कशाला?" बायकोने विचारलं.

या प्रश्नाकडे त्याने उदार मनाने दुर्लक्ष केलं. एकूण बहात्तर, भागिले दोन, छत्तीस! बाकी शून्य! इतका सुबक हिशेब चुकीचा असूच शकत नाही. त्याने छत्तीस भोकांच्या दोन रिमा आणल्या आणि सगळ्या तारा सोडवून एकाच बादलीत रॉकेलमध्ये भिजत घातल्या.

शनिवारी जोडताना कळलं, की चाकाच्या मधल्या हबलाही भोकं असतात, आणि ती कुणाच्या भागाकाराला भीक घालत नाहीत. पुढच्या रिमेत चार भोकं रिकामी. मागे चार तारा बेघर. त्या त्याने शेजारच्या तारांना सुतळीने बांधल्या. चाक फिरवलं, तर ते लंगडत दीड फेरा गेलं आणि उन्हात विसरलेल्या चपलेसारखं वाकडं होऊन थांबलं.

"छान आहे," बायको म्हणाली. "यावर कुंडी ठेवू."

सकाळी सासरे हेल्मेट घालूनच आले. चाकांकडे बघत राहिले.

"मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून मागे तारा जास्त. कारखान्यातूनच अशी आली होती ही."

"चुकलं, बाबा." जावयाने मान खाली घातली.

सासऱ्यांनी लगेच मित्राला फोन लावला. "अरे, मी नाही येत! सायकलच नाही! जावयाने पार वाट लावली!" आवाजात नुसता आनंद! मग हेल्मेट काढून खुर्चीवर पाय पसरले. "हुश्श! वर्षभर गुडघे ठणकतायत. पण त्या तिघांपुढे आधी कबूल कोण करणार? जावईबापू, चहा घेणार ना?"

जावयाची छाती पुन्हा फुगू लागली, तोच बेल वाजली.

दारात ते तिघे मित्र उभे, सायकली हातात धरून. पुढच्याने गुडघा चोळत, आवाज खाली आणून विचारलं, "जावईबापू, आमच्याही तारा जरा मोजून द्याल का?"