पाठवणीची सनई

"माझ्याकडं हायत तसल्या रेकॉर्डी अख्ख्या शिरूर तालुक्यात कुणाकडं न्हाईत! आन् एकेक घामाच्या पैशाची! उसनी आणलेली, मागून घेतलेली एकसुद्धा न्हाई!"

निमोण्याच्या दूध संस्थेच्या ओट्यावर सावळाराम आप्पांनी हे वाक्य सलग तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ ऐकवलं. निमित्तही तसंच होतं. मुलगा पृथ्वीराज पुण्याहून बापासाठी नवाकोरा रेकॉर्ड प्लेयर घेऊन आला होता. जुना बंद पडला तेव्हापासून आप्पांची रेकॉर्डींची पत्र्याची पेटी माळ्यावर, बियाण्याच्या पोत्यांखाली पस्तीस-चाळीस वर्षं पडून होती. ती खाली उतरली आणि सहासष्ट वर्षांचे आप्पा जावळ काढलेल्या पोरासारखे घरभर हुंदडायला लागले.

चौथ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली, फुंकर मारून धूळ उडवली आणि हाताला आली ती पहिली रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढली. मधल्या कागदावर 'सनई' असं छापलेलं आणि त्यावर गोल निळा शिक्का होता. 'गुलशन साउंड सर्व्हिस, दौंड. मालक : इनुस शेख.'

आप्पांनी पेटीचं झाकण धाडकन लावलं. आत नाग दिसला असता तरी एवढ्या जोरात लावलं नसतं!

"काय पडलं हो?" कस्तुराबाईंनी आतून विचारलं.

"काय न्हाई! झाकण पडलं!"

कस्तुराबाई दारात आल्या. "आन् तोंड कशानं पडलंय?"

आता आप्पांचं तोंड का पडलं, ते सांगायलाच हवं. इनुस म्हणजे आप्पांचा जुना दोस्त. अडतीस वर्षांपूर्वी लग्नाकार्यात कर्णे लावून गाणी वाजवायचा त्याचा धंदा होता. त्याच्याकडे एक सनईची रेकॉर्ड होती. एका बाजूला मंगलाष्टकांआधीची सनई, दुसऱ्या बाजूला पाठवणीची. ती वाजली की नवरदेवाकडचेसुद्धा रडायचे! राहू गावात आप्पांच्या मामेबहिणीचं लग्न होतं. पाठवणीची वेळ झाली आणि रेकॉर्ड गायब! घाबरलेल्या इनुसनं हाताला लागली ती लावली. नवरी आईच्या गळ्यात पडून हुंदके देतेय आणि कर्ण्यातून ठसकेबाज लावणी! नवरीच्या चुलत्यानं इनुसच्या कानाखाली एक वाजवली. लावणीनंतर त्या पाठवणीला तेवढंच काय ते वाजलं.

इनुसचा संशय गेला त्याच्या भागीदारावर, हौशीरामवर. हौशीराम "मी न्हाई घेतली" म्हणून शपथा खात राहिला. भागीदारी तुटली. हौशीरामनं वरवंडला पिठाची गिरणी टाकली, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

आणि आप्पा? आप्पा दर ईदला दौंडला इनुसच्या घरी शीरखुर्मा प्यायला जायचे. दर ईदला इनुस ती गोष्ट सांगायचा, आणि आप्पा वाटी तोंडाला लावून दर ईदला म्हणायचे, "हौशीराम म्हंजी एक नंबरचा नालायक माणूस!"

"त्या लग्नाला मीबी माझ्या रेकॉर्डी घेऊन गेलो होतो गं," आप्पा कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "इनुसनंच मागितल्या होत्या. येताना गडबडीत त्याची एक माझ्या पिशवीत आली असणार! आन् त्याच हप्त्यात प्लेयर बंद पडून पेटी माळ्यावर गेली."

"मग द्या नेऊन. सांगा, चुकून आली."

"चुकून? अडतीस वर्षं चुकून?"

कस्तुराबाई कपाळाला हात लावून आत गेल्या.

त्या दिवशी आप्पांना जेवण गेलं नाही. शेवटी त्यांनी ठरवलं की तसलीच दुसरी रेकॉर्ड विकत घ्यायची, इनुसला भेट द्यायची आणि शिक्क्याची ही विहिरीत सोडायची. सकाळी ते शिरूरला रिजवानच्या दुकानात हजर झाले. रिजवान जुने रेडिओ, घड्याळं, रेकॉर्डी असलं सगळं विकायचा. आप्पांनी सनईचं वर्णन केलं, तसा तो हसला.

"ती रेकॉर्ड न्हाई मिळायची, बाबा. पण तिला गिऱ्हाईक हाय! दौंडचे इनुसचाचा. दर दोन महिन्यांनी येतात. म्हणतात, मला माझीच पाहिजे, निळ्या शिक्क्याची. कुणी आणून दिली, तर आधी त्याचं नाव-गाव लिहून ठेव!"

आप्पा लगेच पायात चप्पल सरकवायला लागले.

"तुमचं नाव काय म्हणालात?" रिजवाननं सहज विचारलं.

"शंभू!"

"गाव?"

"लांब हाय!" एवढं बोलून आप्पा दुकानाबाहेर पडले, ते थेट स्टँडवर येऊन थांबले.

आता एकच वाट उरली होती. शिक्क्याची रेकॉर्ड गुपचूप इनुसच्या कपाटात नेऊन ठेवायची! शुक्रवारी दुपारी इनुस नमाजाला गेलेला असतो, हे आप्पांना ठाऊक होतं. शुक्रवारी त्यांनी रेकॉर्ड सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली, वर जाकीट चढवलं आणि दोन एसट्या बदलून दौंड गाठलं. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "पाठीला पट्टा बांधलाय का, आजोबा?" आप्पा 'व्हय' म्हणाले आणि दौंड येईपर्यंत वाकले नाहीत.

दार गुलशनभाभींनी उघडलं.

"या आप्पा! हे नमाजाला गेलेत, येतीलच. बसा, चहा टाकते."

भाभी आत गेल्या. आप्पा उठले. काचेचं कपाट समोरच होतं, पण आत रेकॉर्डी अशा ठासून भरलेल्या की पोस्टकार्ड शिरलं नसतं! आप्पांनी दोन ओढून काढल्या. त्यासरशी वरच्या वीस त्यांच्या अंगावर आल्या. पायात पसारा, जाकीट वर चढलेलं, आणि पोटावरची रेकॉर्ड सदऱ्यातून अर्धी बाहेर, अर्धी आत! नेमका त्याच क्षणी इनुसचा मुलगा अक्रम दारात उभा राहिला.

"आप्पा! रेकॉर्ड सदऱ्यात घालताय?"

"घालत न्हाई रे... काढतोय!"

"घातल्याशिवाय काढाल कशी?"

गुलशनभाभी कपबशी घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या. "आप्पा, मागितली असती तर दिली नसती का आम्ही?"

आप्पांना वाटलं, ही फरशी दुभंगावी आणि आपण थेट निमोण्यात निघावं. तेवढ्यात डोक्यावर टोपी घातलेला इनुस आत आला. त्यानं आप्पांच्या सदऱ्यातली रेकॉर्ड ओढून घेतली, चष्मा वर केला आणि शिक्का वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"सावळाराम... ही कुठं मिळाली तुला?"

खरं सांगायची हीच वेळ होती. आप्पांनी तोंड उघडलं. पण आतून भलतंच बाहेर पडलं. "हितंच! कपाटात! पार मागं सरकली होती."

"आणि तुम्ही ती चोरत होता?" अक्रमनं विचारलं.

आप्पांनी झटक्यात विचार केला. पाच मिनिटांची चोरी कबूल करावी, की अडतीस वर्षांची?

"व्हय," ते म्हणाले. "चोरत होतो. मोह झाला."

पण इनुसचं त्या चोरीकडे लक्षच नव्हतं. तो मटकन खुर्चीत बसला. "या अल्ला! म्हंजी घरातच होती? आन् मी हौशीरामला चोर म्हणालो! चार गावांत बदनाम केलं त्याला!" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मग तो ताडकन उठला. "अक्रम, टेम्पो काढ! वरवंडला जायचंय!"

"चांगलं हाय, जाऊन या," आप्पा दाराकडे सरकत म्हणाले. "माझी एसटी..."

"एसटी गेली खड्ड्यात! तू साक्षीदार हायस, सावळाराम. तूच सापडवलीस!"

टेम्पोत बाप-लेकाच्या मधोमध आप्पा बसले. मांडीवर ती रेकॉर्ड. जड तर एवढी लागत होती, जणू जात्याची तळी! आप्पांनी तीनदा घसा खाकरला. "इनुस, मला काय म्हणायचंय..." पण तिन्ही वेळा इनुस त्यांचा हात दाबून म्हणाला, "काय बोलू नको. तू माझ्या डोक्यावरचं पाप उतरवलंस!"

गिरणी जोरात सुरू होती. दोन बाया डबे घेऊन बसल्या होत्या आणि पिठानं पांढराफटक झालेला हौशीराम बाजरी दळत होता. इनुस दारातून ओरडला, "हौशीराम! माफ कर मला!"

"काय? गहू?"

"माफी! माफी मागायला आलोय!"

"पावशेर? पावशेर दळत न्हाई आम्ही!"

इनुसनं छाती भरून श्वास घेतला. हौशीरामनं बटण बंद केलं. आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत इनुसचा आवाज हायवेपर्यंत गेला, "मी तुला चोर म्हणालो रे!"

बाया डबे आवरून उठल्या आणि ऐकायला पुढे येऊन बसल्या.

इनुसनं रेकॉर्ड पुढे धरली. "माझ्याच कपाटात होती, हौशीराम. तू खरा निघालास."

हौशीरामनं आधी रेकॉर्डीकडे पाहिलं, मग इनुसकडे, मग आप्पांकडे. आप्पांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात पसरून त्यानं इनुसला मिठी मारली. दोघं म्हातारे ढसाढसा रडले. इनुसचा जुम्म्याचा काळा कोट पिठानं पांढरा झाला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. अक्रमनं मोबाइलवर फोटो काढला.

"झालं गेलं विसरलो मी," हौशीराम मोठ्या मनानं म्हणाला. "वरचा बघत होता, इनुस!"

मग "चहा सांगतो" म्हणत त्यानं आप्पांचा दंड धरला आणि त्यांना गिरणीमागं नेलं.

"आप्पा, तुम्ही लई थोर माणूस. माझं नाव न्हाई सांगितलं तुम्ही."

"तुझं नाव? कशाबद्दल?"

"आता माझ्यापुढं कशाला नाटक करता? माझी थैली इनुस रोज तपासायचा. म्हणून तुमच्या पिशवीत सारली मी. दोन दिसांनी निमोण्याला येऊन नेणार होतो. पण मधी भांडण पेटलं, मग धीरच झाला न्हाई."

आप्पांनी दंडावरचा त्याचा हात झटकला. "म्हंजी... इनुस खरं म्हणत होता?"

"हळू बोला की! आत्ता कुठं माफी मागितलीय त्यानं!"

तेवढ्यात गिरणीतून इनुसची आनंदी हाक आली, "अरे कुठं गेलात दोघं? आता ही हरवायची न्हाई! आज घरी गेल्या गेल्या कपाटाला कुलूप लावतो, आन् सगळ्या रेकॉर्डी एकदा मोजून घेतो!"

हौशीराम आप्पांच्या कानाला लागला.

"बरं आप्पा, तुम्ही एकच आणलीत. बाकीच्या चार कवा आणताय?"

"कसल्या चार?"

"पाच सारल्या होत्या मी."