ग्रुपवरची घंटा

चर्चच्या समितीनं घंटा बंद करायचं ठरवलं तेव्हा घंटाकाका चहा पीत होते, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांनी त्या ठरावाला मान डोलावून संमतीही दिली होती. समितीत काकूही होत्या. घरी आल्यावर त्यांनी सगळं नीट, म्हणजे मोठ्यानं, समजावून सांगितलं तेव्हा कुठं काकांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून आलो आहोत.

"मग तू हात का नाही वर केलास?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच मान डोलावताय म्हटल्यावर मी कशाला मध्ये पडू? म्हटलं, दमला असाल."

समितीचं म्हणणं तसं अगदीच चुकीचं नव्हतं. पूर्वी सगळी मंडळी चर्चच्या अवतीभवतीच्या गल्ल्यांत राहायची. आता त्या गल्ल्या पाडून तिथं उंच इमारत उभी राहिली होती आणि मंडळी शहराच्या चार टोकांना पांगली होती. घंटा ज्यांना बोलवायची त्यांना ती ऐकू जात नव्हती, आणि ज्यांना ऐकू जायची त्यांना रविवारी सकाळी झोपायचं असायचं. समोरच्या इमारतीतून तक्रारी येत होत्या. शिवाय आता मंडळीचा मोबाईलवर ग्रुप होता. नवे पाळकसाहेब तरुण आणि हौशी. त्यांनी उपासना मोबाईलवरून थेट दाखवायला सुरुवात केली होती. तेव्हापासून निम्मी मंडळी सोफ्यावर पाय पसरूनच उपासनेला हजर राहायची, आणि पाळकसाहेब रिकाम्या बाकांकडे बघून मोठ्या प्रेमानं उपदेश करायचे.

"ग्रुपवर सकाळी आठवण टाकली की झालं," औषधवाले म्हणाले होते. (औषधवाले म्हणजे समितीचे सेक्रेटरी, चौकात त्यांचं औषधांचं दुकान.) "येत्या रविवारी घंटा न वाजवता करूनच बघू. उपासनेनंतर ठराव वाचून दाखवू. संपला विषय."

पण काकांचा विषय तिथं संपत नव्हता. त्यांनी टपालखात्यात जन्मभर शिक्के मारले, आणि त्या नोकरीत त्यांना टेबलापलीकडचा माणूसही ओळखत नव्हता. लोकांनी ओळखलं ते घंटेमुळे. वडिलांच्या हातून दोर त्यांच्या हातात आला तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. पहिला टोला पडला की गल्लीतली दारं उघडायची. ओल्या केसांची पोरं बाहेर पडायची, कुणाची तरी आई एकच बूट हातात घेऊन दुसरा शोधत फिरायची, आणि भिंतीवरच्या घड्याळांचे काटे लोक घंटेबरोबर जुळवून घ्यायचे. मनोऱ्याच्या खिडकीतून काकांना हे सगळं दिसायचं. कोपऱ्यावरच्या घरातली एक मुलगी कायम उशिरा निघायची. ती वळण घेऊन फाटकाशी पोचेपर्यंत काका घंटा थांबवत नसत. (हा घंटावाला पोरगा फार भक्तिमान आहे, असा त्या काळी मंडळीचा समज झाला होता.) पुढं त्या मुलीच्या काकू झाल्या, एकाच घरातून दोघं बरोबर निघू लागली, तरी दणादण घंटा बडवायची काकांची सवय काही सुटली नाही. कान त्यातच गेले.

तर काकांनी ठरवलं की घंटा मोबाईलवर घालायची.

"ग्रुप म्हणजे काय, दारोदार निरोपच ना?" ते काकूंना म्हणाले. "मग रविवारी ग्रुपवर घंटाच टाकतो. ऐकली की सगळ्यांना जुने दिवस आठवतील. ठराव कोण वाचतो ते बघू."

"आणि ती मोबाईलमध्ये जाणार कशी?"

"रेकॉर्ड करायची. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. शनिवारी दुपारी पाळकसाहेब लग्न लावायला बाहेरगावी गेलेले बघून दोघं मनोऱ्यात चढली. पहिल्यांदा काकांनी मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवून दोर ओढला. रेकॉर्डिंगमध्ये शर्टाची खसखस तेवढी आली. मग मोबाईल खिडकीत ठेवला. तो घंटेच्या हादऱ्यानं सरकत सरकत कठड्याकडं निघाला आणि काकूंनी कसाबसा पकडला. दोर ओढायला दोन हात लागतात, आणि मोबाईल धरायला काकांना दोन हात लागतात. तेव्हा दोर काकूंच्या हातात आला.

"सावकाश ओढ," काकांनी बजावलं. "दोर जुना आहे."

काकूंनी सावकाश ओढला. त्यांचा खांदा तसाही दुखत होता. एक टोला दिला की त्या थांबायच्या, खांदा चोळायच्या, खिडकीतून खाली नजर टाकायच्या. जिथं त्यांचं कोपऱ्यावरचं घर होतं तिथं आता मोटारी उभ्या होत्या. मग एक उसासा टाकून त्या पुढचा टोला द्यायच्या. काकांचे डोळे मोबाईलवरच्या लाल ठिपक्यावर खिळले होते आणि कान तर काय, होतेच तसे. खाली उतरल्यावर त्यांनी मोबाईल कानाला लावून तपासलं. एक टोला खणखणीत ऐकू आला. एक आला म्हणजे बाकीचेही आलेच असणार, उगाच बॅटरी कशाला घालवा, म्हणून त्यांनी तिथंच बंद केलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या चर्चमध्ये उपासनेची घंटा भरभर वाजते. मंडळीतलं कुणी गेलं, तर मात्र एकेक टोला देतात, मध्ये बराच वेळ थांबून. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि सगळ्यात जास्त माहीत आहे ते घंटाकाकांना.

रविवारी सकाळी काकांनी ग्रुपवर घंटा टाकली आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी चर्चमध्ये अवश्य यावे.' मग मोबाईल खिशात सारून ते दारं उघडायला गेले. खिशात मोबाईल गुरगुरत राहिला, पण त्याचा काकांना पत्ता नव्हता. काकूंचा मोबाईल नेहमीप्रमाणे घरी उशीखाली होता, आणि पाळकसाहेब अजून परतीच्या वाटेवर होते.

ग्रुपवर पहिला प्रश्न आला, 'कोण?' लगेच दुसरा, 'कोण गेलं?' औषधवाले दाढी करत होते. त्यांनी अर्ध्या दाढीनं विचार केला. मंडळीत सगळ्यात म्हातारे म्हणजे मास्तर. अर्ध्या मंडळीला लहानपणी प्रार्थना आणि गाणी शिकवलेले, आता पाय मोडल्यापासून घरातच पडून असलेले. त्यांच्या गोळ्या न्यायला या आठवड्यात कुणीच आलं नव्हतं. औषधवाल्यांना तेवढं पुरेसं होतं. 'आपले मास्तर गेले,' असं लिहून त्यांनी उरलेली दाढी जड मनानं उरकली. मग काय, ग्रुपवर जोडलेल्या हातांचा आणि मेणबत्त्यांचा पूर आला.

आणि चर्च भरायला लागलं.

काका दारात उभे होते. सोफ्यावरची माणसं बाकांवर येताना बघून त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. कित्येक वर्षांत न दिसलेले चेहरे, पोक्त झालेली पोरं, त्यांची पोरं. सगळ्यांच्या हातात फुलं होती, हे जरा जास्तच झालं, पण काकांना ते आवडलं. एका जुन्या शेजारणीनं त्यांचा हात धरला.

"फार वाईट झालं हो, काका."

"वाईटच," काका म्हणाले. "पण वय झालं म्हणून बंद करायचं असतं का कुठं?"

"बंद म्हणजे? मशीन लावलं होतं की काय?"

"मोबाईल लावला, मोबाईल. म्हणे त्यानंच भागेल."

शेजारीण अविश्वासानं बघत राहिली. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "शेवटी त्रास नाही ना झाला?"

"समितीनं चहा पीत पीत ठरवलं. कसला त्रास?"

"समितीनं?"

"मीसुद्धा मान डोलावली," काकांनी कबूल केलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. नवराबायको एकमेकांकडं बघत गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसली.

पाळकसाहेब धापा टाकत पोचले तेव्हा बाकांवर जागा उरली नव्हती. ते काही बोलणार, तोच दारात चाकांची खुर्ची करकरली. मास्तरांची सून खुर्ची ढकलत होती आणि खुर्चीत मास्तर बसले होते, कोट-टाय घालून, चष्मा पुसत. एका बाईच्या हातातली फुलं खाली पडली. सगळं चर्च असं गप्प झालं की मास्तरांना वर्गात आल्यासारखं वाटलं असावं.

"कोण गेलं?" मास्तरांनी विचारलं. "घंटा ऐकली तसा निघालो. माझ्याआधी कुणी नंबर लावला?"

सुनेनं त्यांच्या हातात मोबाईल दिला आणि ग्रुप उघडून दाखवला. मास्तर आपल्यावरचे शोकसंदेश वाचू लागले. मधूनच मान हलवत होते, मधूनच कपाळाला आठ्या घालत होते.

"अक्षर सुधारलं नसलं तरी छापून छान येतं हल्ली," ते म्हणाले. "पण बाळांनो, इतके हात जोडलेत, यातल्या एकाही हातानं वर्षभरात माझी कडी वाजवली नाही. मला वाटलं, तुम्हीच सगळे गेलात."

औषधवाल्यांनी मान खाली घातली. "पण गोळ्या..." ते पुटपुटले.

"गोळ्या आता मोबाईलवरून मागवतो आम्ही," सुनेनं सांगितलं. "घरपोच देतात. स्वस्तही पडतात."

औषधवाल्यांनी मान आणखी खाली घातली. मग त्यांनी काय केलं, तर मोबाईल मायक्रोफोनजवळ नेऊन सगळ्यांसमोर ती घंटा वाजवली. एक टोला. लांबलचक शांतता. खांदा चोळल्याचा बारीक आवाज. उसासा. पुन्हा टोला. इतक्या मोठ्यानं वाजल्यावर काकांनाही ती ऐकू आली.

"ही मी नाही वाजवली," ते म्हणाले. "हिनं वाजवली."

"तुम्हीच म्हणालात, सावकाश ओढ," काकू म्हणाल्या.

आधी मास्तर हसले. मग मागच्या बाकावरचं ते जोडपं हसलं, आणि मग हसू आवरता आवरेना. पाळकसाहेबांनी ठराव तसाच घडी करून खिशात घातला. उपदेश बाजूला ठेवून ते म्हणाले, आज मास्तरांनी शिकवलेली गाणी म्हणू या. मास्तरांनी बसल्या जागेवरून सूर लावला. आवाज कापत होता, पण पन्नाशीची माणसं पोरांसारखी ताठ उभी राहून गायली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकांना गाणं अर्धवटच ऐकू येत होतं, पण भरलेली बाकं दिसत होती, आणि त्यांना तेवढं पुष्कळ होतं.

उपासनेनंतर समिती लगेच बसली. मास्तरांना पाहुणे म्हणून बोलावलं. पाळकसाहेबांनी ग्रुपवर आलेले निरोप वाचून दाखवले. लग्न होऊन सातासमुद्रापार गेलेल्या एकीनं लिहिलं होतं, 'मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मास्तर बरे आहेत हे नंतर कळलं, तरी रडतच होते. ही घंटा मी तिथून निघाले त्या दिवशी शेवटची ऐकली होती. दर रविवारी पाठवाल का?' असे कितीतरी होते.

"मला वाटायचं, सगळं मोबाईलवर दाखवलं की आपलं काम झालं," पाळकसाहेब म्हणाले. "जे लांब आहेत, अंथरुणाला खिळलेत, त्यांच्यासाठी दाखवूच. पण जे येऊ शकतात त्यांना दाखवायचं नाही, बोलवायचं. आणि ग्रुपवर आजपासून हेही लिहायचं, की या आठवड्यात कुणाला भेटायला कोण जाणार. कुणाच्या जाण्याची बातमी मात्र खात्री करून मीच देणार."

शेवटचं वाक्य त्यांनी औषधवाल्यांकडं बघून म्हटलं. घंटा मनोऱ्यातही वाजणार आणि त्याच वेळी ग्रुपवरही जाणार, असा नवा ठराव एकमतानं झाला. या खेपेला काकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच मान डोलावली. त्यांना वडिलांची आठवण झाली. दोर घरातच राहिला, या विचारानं त्यांना भरून आलं.

"फक्त एक आहे," पाळकसाहेब घसा खाकरत म्हणाले. "समोरच्या इमारतीचे लोक आत्ताच भेटले. म्हणतात, शनिवारी वाजली तशी वाजवणार असाल तर आमची काही हरकत नाही. ती आम्हालाही आवडली."

"परदेशातल्यांनाही तशीच हवी आहे," औषधवाले म्हणाले.

"राग मानू नकोस रे," मास्तर काकांना म्हणाले, "पण इतकी वर्षं कुठं तरी आग लागल्यासारखी घंटा ऐकत आलो. आज पहिल्यांदा कुणी प्रेमानं बोलावल्यासारखं वाटलं. थोडी लवकर लवकर वाजवायला सांग तिला, म्हणजे मयत वाटणार नाही."

त्यामुळं पुढच्या रविवारी दोर काकूंच्या हातात होता आणि काका दोन्ही हातांनी मोबाईल धरून समोर उभे होते. काम जबाबदारीचं होतं आणि काकांनी ते मन लावून केलं. घंटा ग्रुपवर गेली, आणि ते खाली उतरेपर्यंत सातासमुद्रापलीकडून त्या मुलीचं उत्तरही आलं. काकांनी चष्मा चढवून ते स्वतः वाचलं.

'घंटा फार सुंदर वाजली. मन भरून आलं. फक्त दर टोल्यानंतर कुणीतरी गृहस्थ 'सावकाश, सावकाश' असं ओरडत आहेत. त्यांना पुढच्या वेळी खालीच थांबवता आलं तर बघा.'